नारळ, वाटाणा आणि सामाजिक संदेश

माध्यमिक शाळेतील ॲनिमेशन-प्रकल्पांचा विचार करताना त्यांचे दोन वर्ग आधीच वेगळे काढावे लागतात. पहिल्या वर्गात अक्षरे हलतात आणि दुसऱ्या वर्गात चित्रे. पहिला वर्ग पॉवरपॉइंट या प्रणालीच्या कृपेने सर्वत्र फोफावला असून त्यात ‘पाणी हेच जीवन’ या वाक्यातले ‘पाणी’ डावीकडून सरपटत येते, ‘हेच’ वरून टपकते आणि ‘जीवन’ स्वतःभोवती गिरक्या घेत, पाहणाऱ्याला घेरी आल्याची खात्री करूनच, जागेवर बसते. दुसऱ्या वर्गातील प्रकल्प संख्येने थोडे असतात आणि प्रस्तुत विवेचन त्यांच्याविषयी आहे. ज्या प्रदर्शनामुळे हे विवेचन सुचले तेथे प्रस्तुत लेखक परीक्षक होता आणि निमंत्रणपत्रिकेत त्याचा उल्लेख ‘दृक्‌माध्यमांचे गाढे अभ्यासक’ असा होता, ही बाब विषयाशी थेट संबंधित नसली तरी वाचकांपासून लपवून ठेवण्याचे कारण दिसत नाही.

प्रदर्शन गुहागर तालुक्यात वेळणेश्वर परिसरातील एका माध्यमिक शाळेत भरले होते. वेळणेश्वरच्या समुद्राचे वर्णन येथे केलेले नाही, कारण ते काम पर्यटकांनी मोबाइलवर गरजेपेक्षा जास्त करून ठेवले आहे. शाळेच्या संगणक-कक्षातील यंत्रे खारी हवा आणि विजेचे चढउतार यांच्या संयुक्त प्रयत्नांनी केव्हाच समाधिस्थ झालेली असल्यामुळे नववीच्या वर्गाने स्टॉप मोशन या पद्धतीचा अवलंब केला होता. या पद्धतीत एखादी वस्तू किंवा कागदी आकृती किंचित सरकवून तिचा फोटो काढतात, पुन्हा सरकवतात, पुन्हा फोटो काढतात, आणि हे फोटो वेगाने एकामागून एक दाखवले की वस्तू आपणहून हलल्याचा भास होतो. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी धावतात. ॲनिमेशन करणारे बहुधा एकच चित्र दोन चौकटींपुरते पुरवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे आणि मिनिटाला ७२०. शाळेची तासिका पाऊण तासाहून कमी, त्यातली काही मिनिटे हजेरीत आणि काही ‘पंखा कोणी लावला?’ या चौकशीत जात असल्यामुळे (पंखा लागला की कागदाचे माड वर्गभर उडतात) येथील चित्रपट वीस-पंचवीस सेकंदांच्या पुढे गेले नव्हते, याचे नवल वाटू नये.

उपकरणे म्हणाल तर विज्ञानाच्या प्रयोगशाळेतले एक लाकडी स्टूल उलटे ठेवलेले, त्याच्या वर आलेल्या पायांवर दोन पट्ट्या आडव्या टाकलेल्या, पट्ट्यांवर सरांचा मोबाइल आणि खाली, स्टुलाच्या पोटात, काळा कार्डशीट. मोबाइलवरील ॲपमध्ये आधीच्या चित्राची पुसट छाया पडद्यावर राहते, जेणेकरून पुढचे चित्र नेमके किती सरकवायचे ते कळावे. या सोयीला ओनियन स्किन म्हणतात. सरांना फोन आला की छाया जाते, मोबाइलही जातो आणि माड होता तेथेच थांबतो. असे फोन बहुतांशी कुठल्या तरी लिंकवर कसली तरी माहिती दुपारी तीनच्या आत भरण्याविषयी असतात. शिक्षकाने शिकवण्यापेक्षा शिकवल्याची माहिती भरणे अधिक निकडीचे मानणारी ही व्यवस्था स्वतंत्र ग्रंथाचा विषय असल्याने तिच्याबद्दल येथे दात-ओठ खाण्यापलीकडे काही करता येत नाही.

परीक्षकाच्या हाती दिलेला गुणतक्ता मात्र प्रस्तुत विवेचनाचाच विषय आहे. त्यात कल्पकतेला ५, तांत्रिक सफाईला ५, सादरीकरणाला ५ आणि सामाजिक संदेशाला १० गुण होते. या वाटपाचा परिणाम प्रकल्पांवर झाल्यावाचून कसा राहील? एकात झाड तोडणाऱ्या माणसाच्या डोक्यावर तेच झाड पडत होते, एकात प्लास्टिकची पिशवी गिळून मासा उलटा होत होता, आणि एकात मोबाइलच्या व्यसनाचे दुष्परिणाम दाखवले होते, जे दाखवण्यासाठी चौघा मुलांना कित्येक दिवस मोबाइलवरून नजर हलवता आली नव्हती.

या गर्दीत एका मुलाचा नारळाचा चित्रपट होता. माडाच्या झावळ्या वाऱ्यावर हलतात, पेंडीतला एक नारळ हलतो, मग बराच वेळ काहीच होत नाही. खाली वाळूत एक कुत्रा झोपलेला असतो. नारळ सुटतो, कुत्र्यापासून हातभर अंतरावर पडतो. कुत्रा उठतो, नारळाकडे पाहतो, दोन पावले बाजूला सरकतो आणि पुन्हा झोपतो. चित्रपट संपतो. कुत्र्याने झोपण्यापूर्वी जागेवर घेतलेली गिरकी कागदाच्या सात-आठ तुकड्यांतून अशी काही जमली होती, की सभागृहातल्या पालकांनी आपापल्या ओळखीच्या कुत्र्यांची नावे घेतली.

अशा प्रसंगी अभ्यासकाने गप्प बसणे शास्त्राला धरून होत नाही. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोन चित्रकारांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात ॲनिमेशनची बारा तत्त्वे सांगितली असून त्यांतले पहिले, वस्तू आपटताना चेपते आणि उसळताना ताणली जाते, म्हणजे तिला वजन असल्याचे जाणवते, असे आहे. हे तत्त्व ग्रंथकर्त्यांच्या नावांसह आणि इसवीसनासह त्या मुलाला ऐकवून, नारळ पडताना चेपायला हवा होता, असे प्रस्तुत लेखकाने आवाज पुरेसा उंच ठेवून सुचवले. मुलगा म्हणाला, ‘‘चेपत नाय सर, रुततो.’’ पुन्हा पाहिल्यावर दिसले, की तो खरोखरच रुतत होता आणि भोवती वाळूची एक बारीक कडही उठत होती, जी पाचच चौकटी टिकत होती. प्रस्तुत लेखकाने आपले विधान मागे घेतले नाही. मूळ तत्त्वाला किनारपट्टीपुरता अपवाद जोडला, आणि या अपवादाचे श्रेय पुढेमागे कोणत्या ग्रंथात कोणाला मिळावे याचा विचार परतीच्या एसटीत केला.

प्रश्न संदेशाच्या दहा गुणांचा होता. नारळाला संदेश नव्हता. संदेश नसलेल्या कृतीला आपल्या परंपरेत आधार आहे काय, हे पाहण्यासाठी येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे. बक्षीस-समारंभातील भाषणात या भागासाठी राखून ठेवलेला वेळ तालुक्याहून आलेल्या पाहुण्यांच्या सत्कारात खर्ची पडल्यामुळे तो येथे भरून काढला जात आहे, हे वाचकांनी उदार मनाने समजून घ्यावे.

कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये शांबरिक खरोलिका या नावाने खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या आणि भिंगाच्या साहाय्याने पडद्यावर मोठी करून दाखवायची, पट्ट्या सरकवून त्यांत हालचालीचा भास निर्माण करायचा आणि जोडीला निवेदन चालू ठेवायचे, असे त्याचे स्वरूप होते. ल्युमिएर बंधूंची चलत्‌चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी अवतरली, म्हणजे कल्याणच्या पडद्यावर त्याआधी चार वर्षे देव-दानव हातपाय हलवू लागले होते. याच १८९२ सालच्या २८ ऑक्टोबरला पॅरिसमध्ये एमिल रेनो यांनी पट्टीवर हाताने रंगवलेल्या चित्रांचा हलता खेळ लोकांसमोर केला. पॅरिसला कल्याणची आणि कल्याणला पॅरिसची वार्ता असण्याचे कारण नव्हते. तरी दोन्हीकडे एकाच वर्षी माणसे अंधारात बसून रंगवलेल्या चित्रांनी हलावे म्हणून दिव्याशी झटत होती, हा योगायोग प्रस्तुत लेखक गेली अनेक वर्षे लग्नसमारंभांत, बारशांत आणि एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीतही, तोंड उघडे असताना, सांगत आला आहे. दक्षिणेकडे कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी तर याहूनही आधीपासून कागदावरची चित्रे एकामागून एक समोर धरून कथा गात आले. त्यांतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र पटवर्धन काय आणि चित्रकथी काय, पुराणकथा सांगत असल्यामुळे त्यांच्याकडे संदेश होताच, असा आक्षेप कोणी घेईल. त्याला उत्तर वाटाण्याचे आहे.

दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले, तेव्हा चित्रपट काढण्याची विद्या होती, उमेद होती, फक्त पैसा नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ ठरावीक अंतराने त्याची एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर तोच वाटाणा बघता बघता माती फोडून वर आला, वाढला आणि वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ हा तो चित्रपट. तो पाहून भांडवल देणारे राजी झाले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. भारतीय चित्रपटाच्या इतिहासातला बाह्य परीक्षकाने तपासलेला हा पहिला प्रकल्प म्हणता येईल. त्यात सामाजिक संदेश कोणता होता? वाटाणा उगवतो, एवढाच. पुढे फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा चित्रपट केला, त्यात आगकाड्या आपोआप हलतात. काडेपेटी मुलांच्या हाती देऊ नये, असा उपदेशही त्यांना त्यातून करता आला असता, पण त्यांनी नावातच मौज घालून तो मार्ग बंद केला.

उलट बाजूचाही विचार करायला हवा. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांनी १९७४ मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘एक अनेक और एकता’ केला, भीमसेन यांनी त्याचे ॲनिमेशन केले, आणि तो नखशिखान्त संदेशाचाच चित्रपट आहे. तरी दूरदर्शनवर तो पाहून वाढलेल्या पिढीच्या डोळ्यांपुढे आजही आधी येतात त्या जाळे घेऊन उडणाऱ्या चिमण्या. एकतेचा पाठ त्या पंखांवर बसून आला. चिमण्या नीट उडाल्या नसत्या तर संदेश जाळ्यातच राहिला असता. आणि अलीकडचे पाहावे तर लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांचा ‘फ्लो’ हा चित्रपट ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर बनला, त्यात एक मांजर पुरात सापडते, कोणी एक शब्दही बोलत नाही, आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. आपल्या गुणतक्त्याने त्याला पंचवीसपैकी पंधराच्या वर जाऊ दिले नसते.

आता दुसऱ्या एका प्रकल्पाकडे. हेदवीच्या किनाऱ्यावर बामणघळ म्हणून कातळातली एक अरुंद चीर आहे. भरतीच्या वेळी समुद्र तिच्यात घुसतो आणि कोंडलेले पाणी गर्जना करीत उंच उसळते. दोन मुलींनी ती उसळी करण्याचे ठरवले. पाणी हा ॲनिमेशनमधला सर्वांत अवघड पदार्थ, कारण त्याला ठरलेला आकार नसतो आणि ते खोटे असले की लहान मूलही ओळखते. त्यांनी काळ्या कार्डशीटवर तांदळाचे पीठ पसरून ते बोटांनी आणि जुन्या टूथब्रशने सरकवत प्रत्येक चौकट काढली होती. पीठ चिरेत ओढले जाते, क्षणभर सगळा कागद काळा राहतो आणि मग एकदम वर फुटते. तो काळा क्षण किती लांबवायचा याचा अंदाज पुस्तकातून येत नाही, तो घळीच्या काठावर उभे राहूनच येतो. तांत्रिक सफाईत मात्र या चित्रपटाला गुण जाणार होते. चित्रीकरण खिडकीजवळ आणि अनेक दुपारी चालल्यामुळे बाहेरच्या माडाची सावली अवघ्या चित्रपटभर डावीकडून उजवीकडे सरकत होती, पुन्हा उडी मारून डावीकडे येत होती, पुन्हा सरकत होती. शिवाय एका चौकटीत एक हात राहून गेला होता: पिठाने माखलेली बोटे, तर्जनीला चिकटपट्टी. सेकंदाचा बारावा भाग. त्यांतली एक मुलगी म्हणाली, ‘‘चुकून राहिला सर, काढून टाकते.’’

प्रस्तुत लेखकाने ती चौकट थांबवून पाहिली आणि त्याला गुणतक्त्याचा राग आला. समुद्रात प्लास्टिक टाकणारे, डोंगर पोखरणारे आणि मुलांच्या हाती मोबाइल देऊन स्वतः दुसऱ्या मोबाइलमध्ये डोके घालणारे सर्व प्रौढ. आणि या सर्वांबद्दल प्रौढांना उपदेश करण्याची जबाबदारी चौदा वर्षांच्या मुलांवर, त्याचे दहा गुण. नारळ वाळूत किती रुततो आणि पाणी फुटण्याआधी किती वेळ दडी मारते, हे ज्याने इतके निरखून पाहिले, त्या पाहण्याला तक्त्यात रकाना नाही. दहावीनंतर यांतली निम्मीअधिक मुले चिपळूण, पुणे, मुंबईला पांगतील. पटसंख्येच्या धाकात असलेल्या शाळांच्या या पट्ट्यात हा वर्गही पुढे किती वर्षे भरेल ते सांगता येत नाही. तेथील कोणी पुढे ॲनिमेशन करील की नाही, हा प्रश्नच नाही. त्या मुलीला हात काढून टाकू नकोस एवढेच सांगता आले, आणि त्या वेळी प्रस्तुत लेखकाने एकाही ग्रंथाचा संदर्भ दिला नाही, जे त्याच्या परिचितांना खरे वाटणार नाही.

तरीही तक्ता भरून देणे भाग होते. रिकामा रकाना चालत नाही, असे कार्यालयातून दोनदा सांगण्यात आले. तेव्हा बामणघळीच्या चित्रपटापुढे सामाजिक संदेश म्हणून ‘भरतीच्या वेळी घळीत डोकावू नये’ आणि नारळाच्या चित्रपटापुढे ‘माडाखाली झोपू नये’ असे सुवाच्य अक्षरांत लिहून दोहोंना दहापैकी दहा गुण देण्यात आले. मुख्याध्यापकांना दुसरा संदेश इतका पसंत पडला, की दुसऱ्या दिवशी तो सुविचाराच्या फळ्यावर झळकल्याचे शाळेतून कळवण्यात आले. फळ्याचा फोटोही आला. सुविचाराखाली कोणाचेही नाव घातलेले नव्हते, याची नोंद भावी संशोधकांच्या सोयीसाठी येथे करून ठेवणे प्रस्तुत लेखकाला आवश्यक वाटते.