महिन्याच्या दोन तारखेस खोली सोडणाऱ्या महाशयांस खुले पत्र

प्रति,
माजी रूम पार्टनर महाशय,
मुक्काम पोस्ट भोकरदन, जिल्हा जालना



पुण्याच्या नवी पेठ, सदाशिव पेठ आणि शास्त्री रस्ता या भागांत स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांची जी वस्ती उभी राहिली आहे, तिचा आर्थिक डोलारा अभ्यासिका, मेस आणि रूम पार्टनर या तीन संस्थांवर उभा आहे. अभ्यासिका म्हणजे महिन्याचे पैसे भरून खुर्ची, टेबल आणि शांतता मिळण्याची जागा, आणि मेस म्हणजे महिन्याच्या बोलीवर दोन वेळचे जेवण. या दोन्ही संस्थांतून उमेदवार मनात येईल तेव्हा बाहेर पडू शकतो, कारण त्याने खुर्ची सोडली म्हणून शेजारच्या खुर्चीचे शुल्क वाढत नाही आणि त्याने ताट सोडले म्हणून दुसऱ्याला त्याच्या पोळ्यांचे पैसे भरावे लागत नाहीत. तिसऱ्या संस्थेचे मात्र तसे नाही. तिच्यातून एक माणूस उठला की त्याच्या वाटणीचे भाडे जागच्या जागी बसून राहते आणि उरलेल्यांकडे पाहू लागते. हा साधा सिद्धान्त महाशयांच्या नजरेतून निसटला असावा, असे मानण्यास पुष्कळ आधार असल्याने प्रस्तुत पत्राचा प्रपंच करावा लागत आहे.

खोलीचे भाडे 12,000 रुपये, राहणारे तिघे आणि प्रत्येकाचा वाटा 4,000 रुपये, हे गणित सी-सॅट या कलचाचणीच्या पेपरात विचारण्याच्याही योग्यतेचे नाही. भाडे पाच तारखेस द्यावयाचे असताना महाशयांनी दोन तारखेच्या रात्री ‘चार दिवसांत येतो’ असे सांगून भोकरदनकडे प्रस्थान ठेवले. चार दिवसांसाठी निघालेला माणूस गादीही गुंडाळून नेतो, यावरून उरलेल्या दोघांनी योग्य तो निष्कर्ष काढावयास हवा होता, आणि तो त्यांनी काढला नाही हे त्यांच्या तर्कशक्तीच्या तयारीविषयी फारसे बरे बोलत नाही. तथापि पत्राचे मूळ कारण हे प्रस्थान नव्हे. माणसे जातात. त्यानंतर फोन न उचलणे हेही नव्हे. मूळ कारण म्हणजे त्या मौनानंतर आलेला पहिला आणि एकमेव निरोप, ज्यात ख्यालीखुशाली नव्हती, चुकलेल्या भाड्याचा उल्लेख नव्हता, होते ते इतकेच, की डिपॉझिटमधले आपले दहा हजार रुपये उरलेल्या दोघांनी आजच्या आज फोनपे करावेत.

या निरोपाचे जितके विवेचन करावे तितके थोडेच आहे. डिपॉझिट म्हणजे भाडेकरूने सुरुवातीस घरमालकाकडे ठेवलेली आणि जागा रिकामी करताना, नुकसान, थकबाकी आणि रंगकाम यांचे पैसे कापून, परत मिळावयाची रक्कम होय. या व्याख्येतील ‘घरमालकाकडे’ हा शब्द महाशयांनी पुन्हा एकदा वाचावा, अशी विनंती आहे. प्रस्तुत खोलीचे तीस हजार रुपये घरमालकाकडे आहेत, ते अकरा महिन्यांचा करार संपून खोली रिकामी झाल्यावरच सुटणार आहेत, आणि ही अट असलेल्या कागदावर महाशयांनी स्वतःच्या हस्ताक्षरात, इतर दोघांपेक्षाही ठसठशीत, सही केलेली आहे. म्हणजे महाशयांचा निरोप अमलात आणावयाचा तर उरलेल्या दोघांनी दरमहा चार हजारांऐवजी सहा हजार रुपये भाडे भरावे आणि त्याखेरीज प्रत्येकी पाच हजार रुपये गोळा करून ते भोकरदनास रवाना करावेत. जो गेला त्याचे भाडे राहिलेल्यांनी भरावे आणि तो गेला याबद्दल त्याला बक्षीसही राहिलेल्यांनीच द्यावे, हे अर्थशास्त्र कोणत्या अभ्यासक्रमातील आहे, हे त्यांनी कळवल्यास दोघे त्याच्या नोट्स काढून ठेवतील.

महाशयांनी राज्यघटनेची कलमे क्रमांकासह मुखोद्गत केली होती, हे त्यांच्या पहाटेच्या घोकंपट्टीमुळे झोपमोड झालेल्या दोघांना चांगलेच ठाऊक आहे. परंतु 1872 चा भारतीय करार कायदा त्यांच्या अभ्यासक्रमात नसावा. या कायद्याच्या कलम 43 मध्ये संयुक्त वचनाचा, म्हणजे दोन किंवा अधिक व्यक्तींनी मिळून एकाला दिलेल्या वचनाचा, विचार केला आहे. त्यानुसार, वेगळे काही ठरले नसेल तर, वचन घेणारा त्या व्यक्तींपैकी कोणाही एकाकडून संपूर्ण वचनाची पूर्तता करून घेऊ शकतो. घरमालकाच्या दृष्टीने तिघे वेगळे नाहीतच. त्याला बारा हजार रुपये हवेत आणि ते कोणाच्या खिशातून निघाले याच्याशी त्याला कर्तव्य नाही. मात्र ज्याने जास्तीची रक्कम भरली त्याला ती इतरांकडून समान हिश्शाने मागण्याचा अधिकार हेच कलम देते, आणि एखाद्याने आपला हिस्सा दिलाच नाही तर ते नुकसान उरलेल्यांनी सारखे वाटून घ्यावे असेही सांगते. कायद्यात दिलेले उदाहरण तर जणू नवी पेठेत बसूनच लिहिले आहे. अ, ब आणि क यांनी मिळून ड याला 3,000 रुपये देण्याचे कबूल केले. पुढे क काहीच देऊ शकत नाही आणि अ याला सगळी रक्कम भरावी लागते. अशा वेळी अ याला ब याच्याकडून 1,500 रुपये मिळावेत. कायदेकर्त्यांनी ज्याला क म्हटले, तो पुढे कोठे गेला, त्याने ब याला निरोप धाडून आणखी काही मागितले काय, याविषयी कायदा मौन पाळतो, कारण 1872 साली एवढी कल्पनाशक्ती कोणाच्याही ठायी नव्हती.

महाशयांनी आपल्या बाजूने एक युक्तिवाद केल्याचे तिसऱ्याच व्यक्तीकडून कळते, तो असा की घरमालक काकांनी फोनवर ‘तू जा, तुझ्याकडे काही बाकी नाही’ असे सांगून त्यांना मोकळे केले आहे. काकांचे औदार्य समजण्यासारखे आहे, कारण त्याचा खर्च त्यांना पडत नाही. याच कायद्याचे कलम 44 स्पष्ट करते की वचन घेणाऱ्याने संयुक्त वचनदात्यांपैकी एकाला मुक्त केले तरी इतर मुक्त होत नाहीत, आणि मुक्त झालेला तो एकही आपल्या सोबत्यांविषयीच्या जबाबदारीतून सुटत नाही. सारांश, काकांच्या माफीने काकांपुरतेच काम भागते.

नवा पार्टनर मिळवणे ही किरकोळ गोष्ट आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी शास्त्री रस्त्यावरील विजेचे खांब आणि झाडांची खोडे पाहावीत, जेथे ‘रूम पार्टनर पाहिजे’ हे कागद एकावर एक इतके डकवलेले असतात की खालच्या थरांचा अभ्यास पुरातत्त्वज्ञांनी करावा. परीक्षेची जाहिरात आली की पेठांत कॉट मिळत नाही, आणि परीक्षा झाली किंवा पुढे गेली की कॉटला माणूस मिळत नाही. महाशयांनी निघण्यासाठी नेमका दुसरा काळ निवडला. ‘कॉट बेसिस’ म्हणजे खोली नव्हे, तर खोलीतील एक खाट भाड्याने देण्याची पद्धत. तिच्यात रिकाम्या खाटेचे नुकसान मालकाचे असते. तिघांनी मिळून घेतलेल्या खोलीत ते उरलेल्यांचे असते, हा फरक महाशयांनी जाण्यापूर्वी समजून घेतला असावा, अशी शंका घेण्यास जागा आहे. पाण्याच्या जारचे पैसे, लाइट बिल आणि गॅसचा रेग्युलेटर यांविषयी येथे फार लिहिण्याचे प्रयोजन नाही. रेग्युलेटर मात्र नेला आहे.

महाशयांच्या गावाची परंपरा अशी नव्हती, हे इतिहासाच्या आधारे दाखवता येते. केळणा नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी 1973 मध्ये तेथे केलेल्या उत्खननातून सातवाहनकालीन नांदत्या नगराचे अवशेष उजेडात आले आहेत. त्याच भोगवर्धनाच्या रहिवाशांची नावे मध्य प्रदेशातील सांची आणि भरहुत येथील स्तूपांवरच्या दानलेखांत आढळतात. दानलेख म्हणजे बांधकामातील अमुक भाग अमुक गावच्या अमुक व्यक्तीने दिला, अशी दगडावर कोरलेली नोंद. दोन हजार वर्षांपूर्वी, एस.टी. नसताना आणि फोनपे नसताना, भोकरदनच्या माणसांनी शेकडो कोस दूर असलेल्या, जेथे त्यांना राहावयाचेही नव्हते अशा वास्तूसाठी आपला वाटा पोहोचवला आणि तो पोहोचल्याची पावती दगडात कोरून घेतली. त्यांच्या वंशजाला नवी पेठेतील ज्या खोलीत तो स्वतः झोपत होता, तिचा वाटा पोहोचवता आला नाही.

न सांगता निघून जाण्याचा एक अपवाद मान्य करावा लागेल. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पेठांतील कित्येक खोल्या ओस पडल्या आणि कोण कोणाला महिनाभर आधी सांगणार होते? केंद्रीय गृहमंत्रालयाने 29 मार्चच्या आदेशात कामगार आणि विद्यार्थी यांना घराबाहेर काढणाऱ्या मालकांवर कारवाईचा इशारा दिला आणि राज्याच्या गृहनिर्माण विभागाने 17 एप्रिल रोजी घरमालकांना किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलण्याची सूचना केली. त्या संकटात सरकारला घरमालक दिसला आणि भाडेकरू दिसला. एका भाडेकरूचे ओझे दुसऱ्यावर पडते, ही बाब तेव्हाही कोणत्या परिपत्रकात शिरली नाही, आणि महाशय गेले तेव्हा तर महामारीही नव्हती.

महामारी नव्हती, हे वाक्य लिहून झाल्यावर मात्र पुढील मजकूर जड जातो. 2024 ची राज्यसेवा पूर्व परीक्षा मुळात 28 एप्रिलला व्हावयाची होती. ती पुढे सरकत 25 ऑगस्टवर आली. त्याच दिवशी बँकांची परीक्षा असल्याने पुण्यात शास्त्री रस्त्यावर आंदोलन झाले, त्यात महाशय पावसात उभे होते, आणि अखेर परीक्षा 1 डिसेंबरला झाली. परीक्षा पुढे ढकलण्याच्या निर्णयात भाड्याचा रकाना नसतो. एप्रिल ते डिसेंबर हे सात महिने कोणत्याही उमेदवाराच्या घरच्या अंदाजपत्रकात नव्हते, आणि दरमहा चार हजारांप्रमाणे एकट्या खोलीचे अठ्ठावीस हजार रुपये होतात, ज्यात मेस आणि अभ्यासिका धरलेली नाही. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव, म्हणजे केंद्र सरकारने जाहीर केलेली किमान आधारभूत किंमत, क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात प्रत्यक्ष भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. म्हणजे महाशयांचा एका महिन्याचा वाटा त्यांच्या वडिलांच्या एका क्विंटलाएवढा होता, आणि लांबलेल्या परीक्षेने त्या घरातून सात क्विंटल सोयाबीन, एक दाणाही न मोजता, उचलून नेले होते. घरून पैसे येणे थांबले हे महाशयांनी सांगितले नाही. ते रात्रीचे जेवण टाळू लागले होते, तेव्हा पोट बिघडल्याचे कारण त्यांनी दिले आणि ते दोघांनी मान्य केले, कारण ते मान्य करणे दोघांच्याही सोयीचे होते.

खोली सोडतो असे म्हणणे म्हणजे तयारी सोडतो असे म्हणणे, आणि तयारी सोडतो असे म्हणणे म्हणजे गावच्या पारावर उद्या काय उत्तर द्यावयाचे हे आजच ठरवणे; म्हणून माणूस ‘चार दिवसांत येतो’ म्हणतो आणि गादी घेऊन जातो. हे समजते. ते समजूनही राग जात नाही. दोघांपैकी एकाच्या वडिलांचेही सोयाबीनच आहे, आणि महाशयांच्या वाट्यापैकी दरमहा दोन हजार रुपये त्याच्याच घरून आले. अरे लेका, सांगायचं तरी होतं! एका महिन्याचे भाडे तिघांनी मिळून कसेही ओढले असते. न सांगितल्यामुळे ते दोघांना ओढावे लागले आणि वर डिपॉझिटची मागणी वाचावी लागली. (वरील एक वाक्य पत्राच्या भाषेला सोडून आहे, ते तसेच ठेवले आहे.)

आता हिशेब. पेठांतील रिवाज असा आहे की नवा पार्टनर आपल्या वाट्याचे डिपॉझिट देतो आणि ते जाणाऱ्याला मिळते. खोलीतील तिसरी खाट दोन महिने रिकामी राहिली आणि त्यानंतर जाफराबाद तालुक्यातील एक उमेदवार आला, ज्याच्याकडून खोली सोडण्यापूर्वी एक महिना आधी सांगेन असे साध्या कागदावर लिहून घेतले आहे. त्याने दिलेल्या दहा हजारांतून महाशयांच्या दोन महिन्यांचे आठ हजार आणि लाइट बिलाचा तिसरा हिस्सा वजा करून उरलेली रक्कम पाठवण्यात येत आहे. कलम 43 प्रमाणे ती याहून अधिक निघत नाही, आणि निघत असल्यास महाशयांनी कलम दाखवावे. पुस्तकांची दोन खोकी माळ्यावर ठेवली आहेत, रद्दीत दिलेली नाहीत. पुढच्या पूर्व परीक्षेचा अर्ज भरला असल्यास तसे कळवावे. रेग्युलेटर मात्र परत हवा आहे, कारण तिघे जण एकाच शेगडीसाठी शेजारच्या खोलीकडून तो रोज मागून आणतात. एस.टी.च्या पार्सलने पाठवला तरी चालेल. त्याचे भाडे, रीतीप्रमाणे, येथील दोघेच भरतील.

कळावे, लोभ असावा.

उर्वरित दोघे,
नवी पेठ, पुणे