अण्णांचा वरचा आकडा

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये गणपतीच्या आरतीनंतर कुणी नुसतं 'रिटायरमेंट' म्हटलं, की अण्णा हातातला प्रसादाचा द्रोण खाली ठेवतात.

"आमचे एक लाख साठ हजार. गॅरंटीड!"

ऐकणाऱ्याला आपले पैसे आजच बुडाल्यासारखे वाटतात.

अण्णांच्या अ‍ॅन्युइटीच्या स्टेटमेंटवर दोन आकडे असतात. खालचा अकाउंट व्हॅल्यूचा. हे खरे पैसे. बाजाराबरोबर खालीवर होणारे, करार मोडला तर हातात पडणारे. वरचा बेनिफिट बेसचा. त्याचा चेक कधीच मिळत नाही. दरसाल, मरेपर्यंत, किती काढता येतील ते त्याच्या टक्क्यांवर ठरतं. अण्णांना हे पक्कं माहीत आहे. म्हणूनच ते खालच्या आकड्यावर चष्म्याचं घर ठेवून स्टेटमेंट वाचतात.

२००७ साली, बासष्टाव्या वर्षी, त्यांनी एक लाख डॉलर भरले. काही काढलं नाही, तर पहिली दहा वर्षं बेस दरसाल सहा टक्के सरळव्याजाने वाढणार. शिवाय कराराच्या वाढदिवशी खालचा आकडा वरच्याच्या पुढे गेलेला असला, तर वरचा त्याला गाठणार, आणि मग बाजार कोसळला तरी उतरणार नाही. हा स्टेप-अप. लग्नाचा वाढदिवस अण्णांना काकू आठवून देतात. कराराचा त्यांचा त्यांना आठवतो. त्या दिवशी ते दाढी करून फोनपाशी बसतात. स्टेप-अप अजून एकदाही झालेला नाही. होणार कसा? गॅरंटीची फी लागते वरच्या आकड्यावर आणि कापली जाते खालच्यातून. सुनेने हे एकदा समजावून सांगितलं.

"अगं, तू खालचंच बघतेस," अण्णा म्हणाले.

पण इथे त्यांची थट्टा जरा आवरती घ्यायला हवी. एप्रिल २००९ मध्ये, बाजार कोसळलेला असताना, मंडळातले भलेभले आपलं ४०१-केचं, म्हणजे रिटायरमेंटच्या बचतीचं, स्टेटमेंट उघडायला धजत नव्हते. अण्णांचा खालचा आकडा सत्तर हजारांवर आला होता, वरचा मात्र एक लाख बारा हजार! त्यांनी पेढे वाटले. असल्या गॅरंट्या स्वस्तात विकून बसलेल्या विमा कंपन्यांना तेव्हा खरोखरच घाम फुटला होता. त्यातल्या हार्टफर्डने त्या वर्षी अमेरिकन सरकारकडून ३.४ अब्ज डॉलर घेतले. पुढे काही कंपन्यांनी ग्राहकांना पत्रं धाडली: जास्तीचे पैसे देतो, गॅरंटी सोडा. अण्णांनाही आलं.

"विकलेली म्हैस परत मागायला व्यापारी दारात आला, की समजायचं, गाभण आहे," असं म्हणून त्यांनी ते फाडलं. माझ्या मते बरोबर केलं.

पण ही म्हैस अण्णा पिळतील तर शपथ! आधी दहा वर्षं काढले नाहीत, कारण काढले की सहा टक्के बंद. २०१७ मध्ये ती दहा वर्षं संपली. आता पाच टक्क्यांनी वर्षाला आठ हजार घ्यायला हरकत नव्हती. काकूंना युरोप बघायचा होता, खर्च नऊ हजार. अण्णांनी पेपर नॅपकिनवर हिशेब मांडला. खात्यात एक लाख आठ हजार. त्यातले आठ हक्काचे, उरले लाख. जादाचे हजार म्हणजे त्या लाखाचा एक टक्का. मग बेसही एक टक्क्याने खाली, म्हणजे सोळाशेने.

"हजारासाठी सोळाशे घालवू?"

"मग आठ हजारांत बसवू. व्हेनिस गाळू."

"आठसुद्धा आत्ता नकोत. पंचाहत्तरीला टक्का वाढतो."

पंचाहत्तरी आली २०२० साली, तेव्हा विमानंच जमिनीवर. त्यानंतर अण्णांनी कराराच्या पुस्तिकेत ऐंशीचा टक्का शोधून त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

"बाजार चढेल हो," काकू म्हणाल्या, "आयफेलचे जिने माझे गुडघे चढायचे नाहीत."