भोजनकक्षातील चौक

डहाणू-तलासरीच्या वारली आदिवासी पाड्यांत लग्नप्रसंगी शेणमातीने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने जो चौक, म्हणजे पालघट देवीची चौकट, सुवासिनी रेखतात, तो मुंबईच्या पंचतारांकित भोजनकक्षात काचेआड गेला की देवी आणि लग्न दोन्ही गळून केवळ ‘वातावरण’ उरते. त्याच भिंतीखाली नागली, म्हणजे नाचणी, 2023 या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षानंतर जणू नव्याने जन्मल्यासारखी तळहाताएवढ्या वाटीत, कोथिंबिरीचे एकच पान माथ्यावर मिरवत अवतरते. पाड्यावर टोपभर शिजणारी आंबील ती हीच, हे वाढप्याने सांगण्याची प्रथा नाही. तलासरीतील झरी येथून 1945 मध्ये वेठबिगारीविरुद्ध, म्हणजे सक्तीच्या विनामोबदला राबणुकीविरुद्ध, उठलेल्या वारल्यांचा उल्लेख मेनूकार्डात आढळत नाही, कारण बहुधा तो प्रकार पाहुण्यांच्या पचनास जड मानला जात असावा.