कसेल तिची परसबाग

पंचांगात ऋतू सहा असतील. आमच्या परसात दोनच आहेत. कोंबड्या मोकळ्या आणि भाजी जाळ्यात तो एक, भाजी मोकळी आणि कोंबड्या जाळ्यात तो दुसरा. दोन्ही एकदम मोकळ्या असा तिसराही एक ऋतू येतो, पण तो मी खुराड्याचं दार उघडून आत चहा घेऊन येईपर्यंतच टिकतो.

निवृत्त माणसानं गावी जाऊन काय करावं याबद्दल मुंबईतल्या लोकांची मतं ठाम असतात. ‘थोडी भाजी लावा, चार गावठी कोंबड्या पाळा, मजेत राहा.’ सांगणाऱ्यांपैकी एकानंही ही दोन कामं एकाच गडग्याच्या आत केलेली नसतात. आमचं घर दापोली तालुक्यात. मागे जांभ्याचा गडगा, त्यात दोन फणस, एक कोकम, बाकी उघडी तांबडी माती. ही माती माझी आहे असं सातबारा म्हणतो. वहिवाट मात्र कोंबड्यांची.

नावं हिनं ठेवली. गडग्याकडेनं रोज सकाळी फिरून प्रत्येक वाफ्याची मोजणी करते ती तलाठीबाई. कुठलंही अंडं दिसलं की त्याच्यावर बसून घेते ती नर्स. तुरा वाकडा असलेल्या कोंबड्याचं नाव सरपंच. त्याचं काम काही नाही, आवाज मोठा आहे. नावं ठेवण्यामागे हिचा हेतू काय होता ते मला पुढे आषाढात कळलं.

वर्षाची सुरुवात आमच्याकडे मिरगापासून. आळी करायची, शेणखत घालायचं, पडवळ, दोडकी, काकडी, भेंडी टोचायची. कारल्याचं बी मी कृषी विद्यापीठातून आणतो, ‘कोकण तारा’. विद्यापीठ दापोलीतच आहे, १९७२ पासून. तिथल्या शास्त्रज्ञांनी या जातीसाठी माती, पाऊस, कीड, रोग असा सगळा विचार केलेला असणार. तलाठीबाईंचा केलेला नाही. ओल्या आळ्याजवळ येऊन ती आधी नुसती उभी राहते. मान तिरकी करून एका डोळ्यानं जमीन बघते. मग उजव्या पायानं एक झटका, डाव्यानं दोन, एक पाऊल मागे, पुन्हा तिरकी मान. गांडूळ निघालं तर ते, बी निघालं तर तेही, काहीच नाही निघालं तर शेजारचं आळं. माझ्या हातच्या कुदळीला एवढी भुसभुशीत माती कधी जमलेली नाही.

यावर वाडीतला उपाय म्हणजे हर्णै बंदरातली जुनी मासेमारीची जाळी. मच्छीमारांनी टाकून दिलेली ही जाळी आमच्या बाजूच्या निम्म्या परसांतून बांधलेली दिसतील. सुरमईला अडवणारं जाळं कोंबडीलाही अडवेल असं वाटतं. अडवतंही. पण पहिल्या आठवड्यात त्याला सुकटीचा वास असतो, आणि मग कोंबड्यांबरोबर वाडीतली मांजरंही हजर होतात.

पंचांगवाले पावसाच्या नक्षत्रांना वाहनं देतात. बेडूक, म्हैस, हत्ती, मोर, कोल्हा, उंदीर, अगदी गाढवसुद्धा. कोंबडी त्यात नाही. मुसळधार पावसात ती पडवी सोडत नाही हे पंचांगकर्त्यांना ठाऊक असावं. आमच्याकडे हंगामात साडेतीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो पडत असताना या सगळ्या जणी माझ्या आरामखुर्चीच्या पाठीवर ओळीनं बसतात. सरपंच हातावर बसतो. मी पायरीवर. घरात येणारा माणूस आधी त्यांना बघतो, मग मला.

आषाढ हा कोंबड्यांच्या दृष्टीनं वर्षातला सर्वांत वाईट महिना, कारण त्याच्या शेवटी गटारी येते. पुण्याहून पुतण्या आला. पडवीत नजर फिरवून म्हणाला, “काका, मग आखाडाचा बेत काय?”

ही आतून म्हणाली, “तूच सांग. तलाठीबाई की नर्स?”

पुतण्यानं तलाठीबाईंकडे पाहिलं. तलाठीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, एका डोळ्यानं. तो मुकाट्यानं अळूचं फदफदं जेवला. नावं ठेवण्यातलं राजकारण ते हेच.

श्रावण लागला की कोंबड्यांना अभय मिळतं आणि नेमकी तेव्हाच नर्स खुडूक होते. पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात बसायचं. हात नेला की चोच मारायची. शेजारच्या आजींनी उपाय सांगितला: तिच्याच पिसाची काडी तिच्या नाकपुडीत अडकवायची, म्हणजे ती बसायची थांबते. मी आजींना नमस्कार केला आणि नर्सच्या खाली अंडी ठेवली. प्रत्येक अंड्यावर कोळशानं खूण करायची, नाहीतर इतर जणी तिच्या खाली गुपचूप अंडं घालून निघून जातात आणि हिशोब चुकतो. आठवड्यानं अंधारात एकेक अंडं टॉर्चसमोर धरायचं. आत लाल बारीक शिरा पसरलेल्या दिसतात आणि मध्ये एक काळा ठिपका हलतो. नुसतंच पिवळं दिसलं तर ते काढून टाकायचं. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर. पोल्ट्रीतलं मशीनही याहून लवकर काम करत नाही, आणि मशीन चोच मारत नाही एवढाच त्याचा फायदा.

भाद्रपदात शेजारच्या गौरीला दुसऱ्या दिवशी तिखटाचा नैवेद्य असतो, तेव्हा श्रावणातलं अभय संपतं. आमच्या घरचा पेच मात्र त्याआधीच, ऋषिपंचमीला पडतो. त्या दिवशी बायकांनी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगर न लागलेली, हातानं पिकवलेली परसातली भाजी हवी: अळू, लाल माठ, पडवळ, दोडका, भेंडी, भोपळा, मक्याचं कणीस. त्यासाठी चिपळूणची मावशी मुद्दाम येते. तिला सगळे नियम पाठ आहेत आणि सोवळ्यात तिला कुणी फसवू शकलेलं नाही.

विळीवर बसून माठ चिरता चिरता तिनं विचारलं, “माती कुणी उकरली रे?”

मी कोपऱ्यातल्या कुदळीकडे पाहिलं. कुदळीला गंज चढला होता. “तशी… कोंबड्यांनीच.”

“आणि खत?”

“तेही त्यांचंच.”

विळी थांबली. ही घाईघाईनं म्हणाली, “अहो मावशी, शास्त्रात बैल म्हटलंय. कोंबडी कुठे म्हटलीय?”

“शास्त्र लिहिणाऱ्यांच्या दारी कोंबड्या नव्हत्या, म्हणून नाही म्हटली.” मावशी जरा वेळ गप्प राहिली. मग मला म्हणाली, “तिला तू जुंपलंस का?”

“छे! उलट दिवसभर हाकलतोय.”

“मग ते कष्ट नव्हेत. दुसऱ्यानं जुंपलं की कष्ट. आपल्या मर्जीनं केलं तो उद्योग.” विळी पुन्हा सुरू झाली.

त्या निकालानं माझं दुसरं एक संकटही टळलं, हे मावशीला ठाऊक नाही. कोकणात कूळकायद्याचं नाव निघालं की जुनी माणसं अजून आवाज खाली आणतात. १९४८ चा कायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, कसेल त्याची जमीन. परसातली जमीन वर्षानुवर्षं कोण कसतंय हे सगळी वाडी बघते. उकरणं त्यांचं, खत त्यांचं, कीड वेचणं त्यांचं. प्रकरण तहसीलदारापुढे गेलं असतं तर माझी बाजू फार लंगडी होती. पण कष्टच नाहीत म्हटल्यावर कूळ कसलं?

कोंबड्यांना हे मान्य नसावं. आश्विनात त्या सगळ्या एकदम पिसं टाकतात. मान उघडी, शेपूट गळालेली, अशा अवस्थेत गावभर हिंडतात. अंडी बंद. येणारेजाणारे मला विचारतात, “खायला घालता ना हो त्यांना?” मी रोज तिसऱ्यांच्या शिंपल्या दगडावर कुटून घालतो, कवचाला चुना लागतो म्हणून. तांदळाच्या कण्या घालतो. उरलेला भात घालतो. तरी गावात बदनामी माझीच.

दिवाळी झाली तरी अंडी येत नाहीत, कारण कोंबडीला उजेड लागतो. दिवस चौदा तासांच्या आसपास असेल तर तिला बरं. आपल्याकडे सर्वांत मोठा दिवससुद्धा तेरा तासांच्या जरासाच वर जातो आणि डिसेंबरात तर अकरावर येतो. पोल्ट्रीवाले दिवे लावून सोळा तासांचा दिवस करतात, म्हणून त्यांची लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या घरात अंडी घालते. आमची गावठी पन्नास-साठ घालते, त्यातलीही निम्मी फणसाखाली लपवून. पुतण्या फोनवर म्हणाला, “काका, एक दिवा लावून बघा ना.” आमच्याकडे दिवा आहे. वीज असेलच असं नाही.

थंडीत कामाचा दिवस एकच, लसीचा. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस आमच्याकडे शंभर कोंबड्यांच्या कुपीत येते आणि एकदा विरघळवली की काही तासांत संपवावी लागते. मग वाडीतली सगळी घरं रात्री कोंबड्या डालून ठेवतात आणि सकाळी एकेकीला काखेत घेऊन रांगेत उभी राहतात. डोळ्यात एक थेंब, पुढची. कुणाची कोंबडी कुणाची यावरून वर्षभर होणारी भांडणं त्या एका सकाळी उरकून घेतली जातात.

पहाटे डोंगराच्या बाजूनं रानकोंबडा ओरडतो आणि सरपंच त्याला उत्तर देतो. पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून आली, पण तिच्या पायांचा पिवळा रंग सह्याद्रीतल्या या करड्या रानकोंबड्याकडून आल्याचं संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे या डोंगरात तिचं आजोळ आहे. माझं घराणं इथे चार-पाच पिढ्यांचं. वहिवाटीचा दावा पुन्हा निघालाच, तर हा मुद्दा तिच्या वकिलाला कुणी सांगू नये.

दापोलीकडे येणार असाल तर जरूर या, पण आधी विचारून या. पडवळ-दोडकी गणपतीत मिळतील. अंडी माघात, दिवस मोठा व्हायला लागला की, आणि तीही हिच्याकडे नाव नोंदवून. कोंबडीखत बारा महिने मिळेल, हवं तेवढं न्या. फक्त दोन-तीन महिने कुजवल्याशिवाय झाडाला घालू नका, मुळं जळतात. आणि आखाडात येणार असाल तर अळू आवडतं का ते आधी कळवा.