‘गोड’ला मुंग्या

पहिल्याच आठवड्यात मी ‘पाऊस’ हा शब्द ओला केला. खऱ्या पाण्यानं. काळ्या शाईत लिहिला, होस्टेलच्या नळाखाली धरला आणि ‘ऊ’ ओघळत मार्जिनबाहेर गेला, तेव्हा आपण अक्षरकलेच्या इतिहासात शिरलो याबद्दल मला काही शंका उरली नाही. सरांनी कागद चिमटीत धरला आणि विचारलं, “वाळल्यावर काय उरेल?”

असाइनमेंट एका वाक्याची होती : शब्दाचा अर्थ वाचायच्या आधी दिसला पाहिजे. त्या महिन्यात आमच्या वर्गात एकही शब्द स्वस्थ बसलेला नव्हता. ‘भीती’ थरथरत होती, ‘आळस’ आडवा झाला होता, ‘उंच’ची मान कागदाबाहेर गेली होती. माझी महत्त्वाकांक्षा त्याहून मोठी. काम सुरू व्हायच्या आधीच मी सही तयार केली होती. तिरकी, खाली एक झोकदार फराटा, आणि अर्थातच न वाचता येणारी. थोरांच्या सह्या वाचता येत नाहीत एवढा अभ्यास मी केला होता.

‘गोड’ मी काकवीनं लिहिला. रात्रभर खिडकीत ठेवला. सकाळी शब्दाला मुंग्या लागल्या होत्या. ‘ड’ गच्च भरला होता, ‘ग’च्या काठाकाठानं वर्दळ होती, मात्रेकडे मात्र कोणी फिरकलं नव्हतं. मी तो तसाच, मुंग्यांसकट, सबमिट केला. सर त्याच्यापुढे सगळ्यांत जास्त वेळ थांबले.

“चांगलं झालंय. कोणी केलं?”

मी हात वर केला.

“तू नाही. तुझा ‘ड’ दोन ठिकाणी तुटलाय. मुंग्यांनी तो जोडून घेतलाय.”

मार्क मात्र मलाच मिळाले.

लायब्ररीतली पुस्तकं सगळी परदेशी. त्यांत ‘पडणे’ला जो इंग्रजी शब्द आहे त्याचं शेवटचं अक्षर ढकललं की ते पडतं, आणि झाली टायपोग्राफी. देवनागरीत ढकलून बघा! आपली अक्षरं शिरोरेषेला धरून उभी, लोकलमध्ये कडी धरून उभ्या राहिलेल्या माणसांसारखी. एकानं हात सोडला तर बाकीचे पडत नाहीत. जागा झाली म्हणून ऐसपैस उभे राहतात. मी ‘पडझड’मधला ‘झ’ खाली पाडला, तर शिपाईकाकांनी ‘पडड’ असं वाचलं आणि घशाला काय झालंय विचारलं.

सरांचं दैवत कमल शेडगे. वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीत नुसतं नाव बघून आत हसायचंय की रुमाल न्यायचाय ते कळावं, असं त्यांचं अक्षर. र. कृ. जोशी दुसरे. कविताही अक्षरांच्या आकारातून मांडणारा हा माणूस, आणि कॉम्प्युटरवरचा ‘मंगल’ फॉन्टही त्यांचाच. मी स्वतःला या यादीत तिसरी धरून चालले होते. सर म्हणाले, “शेडगे वाचता येतात. तू बघावी लागतेस.” हे मी कौतुक समजून घरी फोनवर सांगितलं.

आता माझा आवडता विषय. घाई असेल त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद सोडून थेट गिरणीवर यावं. 2022च्या नोव्हेंबरात राज्य सरकारनं शासन निर्णय काढला, की मराठीत ‘ल’ पाकळीयुक्त आणि ‘श’ देठयुक्त लिहावा. दंड असलेला ‘ल’ आणि गाठ असलेला ‘श’ हिंदीच्या वळणाचे. पाकळी, देठ! कृषी खात्याची फाइल चुकून मराठी भाषा विभागात गेली असावी असं वाटतं, पण मला तो जी.आर. वाचून भरून आलं होतं. कोणीतरी, मंत्रालयात बसून, ‘ल’च्या पाकळीचा विचार करतंय! यातली खरी गंमत अशी की कित्येक फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, पण मजकूर मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ते हिंदी रूप काढून देतं. म्हणजे मराठी फॉन्टाच्या आतच असते, आणि कोणी हाक मारायची वाट बघत बसते. मी पाकळीवर एवढं बोलतेय खरी, पण तुमच्या समोरच्या मजकुरात कुठला ‘ल’ पडलाय, देव जाणे.

त्यानंतर मी माणसात राहिले नाही. दुकानांच्या पाट्या, मंडळांचे फ्लेक्स, दशक्रियेच्या जाहिराती, सगळीकडे देठ शोधू लागले. चुलत बहिणीच्या लग्नपत्रिकेवर ‘शुभविवाह’मधला ‘श’ गाठीचा निघाला. मी काकांना तसं ऐन साखरपुड्यात सांगितलं. काका म्हणाले, “अगं, लग्नात गाठ असणारच की!” आणि जिलबी घ्यायला गेले.

तर गिरणी. आमची पिठाची गिरणी आहे, गावात. तिच्यावरची पत्र्याची पाटी माझ्या जन्माआधीची, गावातल्या पेंटरनं ऑइलपेंटनं रंगवलेली : ‘श्री गणेश पिठाची गिरणी. येथे शेवया करून मिळतील.’ रंगाचे पोपडे निघाले होते, म्हणून बाबा फ्लेक्स करायला निघाले. घरात डिझायनर असताना! मी सुट्टीत धावत घरी गेले आणि नवी पाटी कागदावर मांडली : अक्षरांमधून पीठ झरतंय, ‘गिरणी’च्या वेलांटीवरून सांडून खाली ढीग झालाय.

बाबांनी बराच वेळ बघितलं. “गिऱ्हाईक म्हणेल, यांच्याकडे पीठ सांडतं. दळण कमी भरलं की आपल्यालाच बोलतील.”

इतक्या वर्गांतून इतक्या चर्चा ऐकल्या, पण कामाला एवढी नेमकी टीका मिळाली नव्हती.

मग मी जुनीच पाटी खाली काढली आणि अक्षरावरून अक्षर गिरवत रंगवायला घेतली. ‘गणेश’मधल्या ‘श’पाशी आले आणि थांबले. देठाचा होता. पेंटरनं तो एका दमात ओढला होता. ब्रश जाड दाबून सुरू केला, वळणावर उचलला, टोकाला बारीक सोडला. पोपड्यांखालून तो झोत अजून दिसत होता. मला तो जमेना. खरवडला, पुन्हा ओढला, पुन्हा खरवडला. त्या माणसाला कोणी जी.आर. दाखवला नव्हता, असाइनमेंट दिली नव्हती. पाटीचे पैसे बहुधा धान्यात मिळाले असतील. गावात फ्लेक्सचं मशीन आल्यावर तो आधी फक्त ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवू लागला आणि नंतर तेही थांबलं, असं आई म्हणाली. आता त्याचा मुलगा त्याच मशीनवर बसतो, आणि त्याच्या फ्लेक्सवर ‘श’ला गाठ असते. या गोष्टीचा मला राग येतो आणि तो नक्की कोणावर काढायचा ते कळत नाही.

पाटी पूर्ण झाली. बाबा लांब उभे राहून म्हणाले, “होती तशीच दिसतेय की. मग चार दिवस काय केलंस?” त्यांच्या तोंडून हेही कौतुकच असावं, असं मी ठरवून टाकलं आणि खालच्या कोपऱ्यात, पेंटरच्या छोट्या सुवाच्य सहीशेजारी, फराट्यासकट माझी सही ठोकली.

बाबा चष्मा लावून जवळ आले, वाकले, दोन-तीनदा ओठ हलवून बघितले.

“हे शेवटी काय लिहिलंयस? मिरची कांडपाचा भाव?”