दिशावाले तात्या

नांदेडात तरोडा नाक्याच्या पुढच्या कोणत्याही कॉलनीत जा, नाहीतर लातूरला औसा रोडच्या आतल्या गल्लीत शिरा. कंपाउंडच्या आत बनियनवर उभे राहून, तळहातावर मोबाईल आडवा धरून कुणी स्वतःभोवती गोल फिरताना दिसलं, तर ते रेंज शोधतायत असं समजू नका. ते उत्तर दिशा शोधतायत. हे दिशावाले तात्या.

तात्या निवृत्त. कुणी गुरुजी असतात, कुणी पाटबंधाऱ्याचे ओव्हरसियर. आता हाताखाली माणसं उरली नाहीत, वांगी आहेत. प्लॉट तीस बाय चाळीस. घर बांधून भिंतीलगत उरली सात फुटी पट्टी. ती जिकडं लांब, तिकडंच वाफा लांब होणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण एवढ्यावर प्रश्न मिटवला तर तात्यांनी सकाळ घालवायची कशी?

"सरी दक्षिणोत्तरच पाहिजे," तात्या सांगतात. "सकाळचं ऊन एका अंगाला, दुपारनंतरचं दुसऱ्या. एक पान उपाशी राहत नाही." बोलणं खरं आहे, म्हणूनच तर पंचाईत. लोखंडी गेटजवळ मोबाईलचा काटा भरकटतो, म्हणून तात्या अंगणात काठी रोवतात आणि सर्वांत आखूड सावलीची वाट बघतात. नेमकी तेव्हाच काकूंची हाक येते.

"अहो, बारा वाजून गेले, जेवायला या!"

"तुमच्या घड्याळात वाजले. सूर्याचे वाजायचेत."

तेही खरंच. आपलं घड्याळ मिर्झापूरच्या बाजूनं जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालतं. नांदेड त्याच्या पाचेक अंश पश्चिमेला, म्हणून इथली खरी मध्यान्ह सरासरी वीस मिनिटं उशिरा. तेवढ्यात भाकरी गार होते.

संध्याकाळी लातूरच्या व्याह्यांना फोन. व्याही पूर्व-पश्चिम पंथाचे, वास्तुवाल्यानं सांगितलेलं. तात्या डिवचतात, "तुमच्याकडं दुपारसुद्धा आमच्यापेक्षा तीन मिनिटं उशिरा होते!" व्याही ऐकून घेणारे नाहीत. "असू द्या. मे महिन्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो तो आधी आमच्याच, तुमच्याकडं दोन-तीन दिवसांनी पोचतो." दोघांचंही बरोबर असतं. लेक-जावई मात्र फोन स्पीकरवर टाकून आपापल्या कामाला लागलेले असतात.

तात्यांचं एक सूत्र लिहून ठेवण्याजोगं आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो. डिसेंबरात सहा फुटी मांडवाची सावली भर दुपारीही साडेपाच फूट उत्तरेला पडते. म्हणून दोडका-कारल्याचा मांडव उत्तरेच्या भिंतीला आणि मेथी-कोथिंबीर त्याच्या दक्षिणेला. पण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत आपल्याकडं भर दुपारचा सूर्य उलट उत्तरेला असतो, हे कळलं त्या रात्री तात्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी कुदळ घेऊन ते चढत्या वेलासकट मांडव हलवायला निघाले. शेजारच्या पोरानं अडवलं, "तात्या, त्या दिवसांत दुपारची सावली वीतभरही नसती." तात्या मानले, पण मनातून नाही.

खरं तर एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात ऊन शोधायचं नसतं, त्याच्यापासून लपायचं असतं. पारा चाळिशी ओलांडून गेला की टमाट्याची फुलं गळतात, मग सरी कोणत्याही दिशेची असो. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा व्याह्यांच्या पूर्व-पश्चिम सऱ्या अगदी शास्त्राला धरून वाळल्या. लोह्याकडचे एक पाहुणे तात्यांची काठी बराच वेळ बघत उभे होते. शेवटी म्हणाले, "दिशा काय बघायलाव, उतार बघा की." काळ्या रानात पेर उताराला आडवी घालतात, म्हणजे पावसाचं पाणी सरीत थांबतं आणि माती जागेवर राहते. तात्यांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून लेव्हल ट्यूब आणली.

काकूंची बाग मागच्या दारी. मोरीचं पाणी वाहतं तिथं अळू. पश्चिमेला दोन बांबूंवर जुनं लुगडं बांधलेलं, त्याच्या सावलीत शेपू, चुका आणि अंबाडी. मिरच्यांची रोपं जिथं उगवली तिथं. पाहुण्याच्या ताटात पडणारी भाजी बहुतेक इथलीच असते. तात्या ती आग्रहानं वाढतात आणि वर सांगतात, "चव बघा! दक्षिणोत्तर आहे." काकू पदर तोंडाला लावून आत जातात.

तात्यांकडं वांग्याची रोपं मागायला जरूर जा, माणूस हाताचा मोकळा आहे. फक्त सकाळी अकराच्या आत जा. त्यानंतर काठी रोवलेली असते आणि ती धरून ठेवायचं काम येणाऱ्याकडं येतं.