मतं वैयक्तिक, पगार कंपनीचा

प्रत्येक कचेरीत एक वैयक्तिकराव असतात. एक्सवरच्या त्यांच्या ओळखीत आधी कंपनीचं नाव, मग हुद्दा, मग चहाच्या कपाचं चित्र आणि सर्वांत शेवटी 'मतं वैयक्तिक' हे दोन शब्द. 'चपला चोरीस गेल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही' या पाटीवर मंगल कार्यालयवाल्याची असते तेवढीच त्यांची या दोन शब्दांवर श्रद्धा. त्या शब्दांच्या आडोशाने ते सकाळी रेल्वेमंत्र्यांना टॅग करून लोकल रखडल्याचं कळवतात, साडेअकराच्या मीटिंगमध्ये बसून त्याच मीटिंगची खिल्ली उडवतात आणि जेवणानंतर 'काही लोकांना काम न करताच बढती मिळते' असा सुविचार सोडतात. नाव कुणाचंच नसतं; पण 'काही लोक' कोणत्या टेबलावर बसतात, हे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना कळतं. आजारपणाची रजा टाकलेल्या दिवशी ताम्हिणी घाटातला धबधबाही त्याच खात्यावर कोसळतो.

वैयक्तिकरावांची चूक बोलण्यात नाही, हिशेबात आहे. वाचणारा पाटी वाचत नाही, हुद्दा वाचतो. बँकेतल्या माणसाने 'ग्राहकांना अक्कल नसते' असं लिहिलं, की खातेदाराच्या कानावर बँकच बोललेली पडते. वजनासाठी कंपनीचं नाव लावायचं आणि अंगाशी आलं की वैयक्तिक व्हायचं, म्हणजे मिरवायला मांडव कंपनीचा आणि उष्टी काढायला कुणीच नाही. महाराष्ट्र शासनाने जुलै 2025मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांच्या सूचना काढल्या. खासगी आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, हे त्यात आहेच. शिवाय कामाबद्दल लिहिताना आत्मस्तुती होणार नाही याचीही काळजी घ्या, असं बजावलं आहे. आत्मस्तुतीला सरकारी कागदाने आवर घालावा लागतो, यावरून वैयक्तिकरावांचं गोत्र किती पसरलं आहे ते कळावं.

यावर वैयक्तिकराव उसळून विचारतील, 'म्हणजे नोकरदाराने तोंड शिवून बसायचं?' मुळीच नाही. सरकारी नोकर झाला म्हणून माणसाचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य संपत नाही, असं त्रिपुरा उच्च न्यायालयाने 2020मध्ये एका फेसबुक पोस्टच्याच प्रकरणात सांगितलं. नियमांची चौकट तेवढी पाळायला हवी. खासगी नोकरीत ती चौकट बहुधा नेमणुकीच्या कागदांतच असते, जे वैयक्तिकरावांनी सही करताना वाचलेले नसतात. पण बोलण्याचा हक्क असणं वेगळं आणि बोलता येणं वेगळं. मुंबई पोलीस 2015च्या डिसेंबरात ट्विटरवर, म्हणजे आजच्या एक्सवर, आले आणि हेल्मेट, सिग्नल, पासवर्ड असल्या रुक्ष विषयांवर लोकांना हसवू लागले. खाकीला जे साधतं ते क्युबिकलला साधू नये असं काही नाही. फक्त विनोदाने वाचणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडावं लागतं. शेजारच्या टेबलाचा सूड उगवून भागत नाही.

दुसरी तक्रार जागेची. 'एवढ्याशा जागेत सौजन्य कुठे बसवणार?' ट्विटरची जुनी मर्यादा एसएमएसवरून आली होती: 160 अक्षरांतली 20 नावासाठी राखीव, 140 मजकुरासाठी. 2017मध्ये 140ची 280 झाली. त्यातून काना, ऋकार, हलन्त वेगळे मोजूनही 'कृपया' 5 खातं आणि 'धन्यवाद' 7. म्हणजे दोन्ही लिहूनही 268 शिल्लक राहतात, त्यांत ग्राहकाची अडचण कुठे सुटेल ते सांगता येतं, किंवा रात्री थांबून माल चढवणाऱ्या गोदामातल्या माणसांचं कौतुक करता येतं. एरवी लिखाणात हरवणारा स्वर इतक्या स्वस्तात परत मिळत असताना वैयक्तिकराव काटकसर नेमकी तिथेच करतात. खरं तर जुना हिशेबच शहाणा होता: नावाला 20, कामाच्या मजकुराला 140. वैयक्तिकरावांनी तो उलटा केला आहे. नाव, हुद्दा आणि 'मी'ला 140 देऊन झाल्यावर उरलेल्या 20मध्ये ते काम बसवायला जातात, आणि ते न मावल्याचं खापर पुन्हा 'काही लोकां'वर फोडतात.